पोहरा

लीड्समधला दुकानदार डबा हातात देत म्हणाला होता,
आता काटा बघूच नका, बाई.
हा फ्लोट आहे. कुजबुज ओता, सुरुंग ओता,
याच्या पोटात सगळं मावतं.
मी पैसे मोजले.
एकोणीस वर्षं काट्यावर डोळा ठेवून जगलेली मी,
लग्नातली भाषणं, महापौरांचे खोकले
बोटाने आवरत आलेली.
त्या दिवशी बोटाला सुट्टी दिली.

म्यूकर. यॉर्कशायरच्या डोंगरातलं गाव.
माझ्या कानाला त्यात आधी ‘मूक’च ऐकू आलं.
फेब्रुवारी. चुना नाही, माती नाही,
नुसत्या एकमेकांच्या वजनावर उभ्या दगडी भिंती,
आणि विल्फ ऑल्डरसन, वय एक्क्याऐंशी.
त्याच्या मफलरच्या घडीत मी माइक लपवला.
ट्रान्समीटर कोटाच्या खिशात,
जिथे आधीपासून सुतळी, चाकू
आणि अर्धं बिस्किट राहत होतं.

तो बोलतो इतकं हळू
की मी ट्रान्समीटर चढवून ठेवला. बराच.
चाळीस मिनिटं तो सांगत राहिला
मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा,
कुठल्याशा हिवाळ्यात बर्फाखाली गेलेल्या साठजणी,
जसं झोपलेल्या घरात कुणी बोलावं.
मग पलीकडच्या उतारावर त्याला टिब दिसली.
त्याने दोन बोटं तोंडात घातली.

शीळ नव्हे ती. मांजरपाट फाटला माझ्या कानात.
टिबने मान वळवली नाही.
पुन्हा. अजून जोरात. चेहरा लालबुंद.
कुत्री बहिरी झालीय दोन वर्षं,
हे त्याची सून मला नंतर सांगणार होती,
स्वयंपाकघरात, चहा ओतता ओतता.
खिशाच्या आत तेव्हा लाल दिवा लागला असेल.
अर्ध्या बिस्किटाने पाहिला असेल.

रात्री पबच्या वरच्या खोलीत
मी ती लाट पडद्यावर उघडली.
खाली ओढली. आणखी खाली.
फ्लोटमध्ये म्हणे काही कापलं जात नाही,
खाली आणलं की शेंडे परत उगवतात.
इथे शेंडे नव्हतेच. विळा फिरलेलं गवत,
माथा सपाट,
जितकं लहान करावं तितकं लहान सपाट.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
असं आजोळी म्हणायचे.
आडात होतं हो. काठोकाठ होतं.
आणि इकडे हौदही अथांग, नवा, हप्त्यांवर घेतलेला.
मधला पोहराच चिमुकला,
माझ्याच हातांनी वर ओढलेला.
सांडलं ते वाटेत,
एका म्हाताऱ्याच्या खिशात.

आई अजून फोनवर ओरडते,
इंग्लंड लांब आहे म्हणून.
मी फोन कानापासून हातभर धरते
आणि तिला हळू बोल म्हणून सांगत नाही.

सकाळी ट्रान्समीटर बारा डेसिबल उतरवला.
काट्यावर आता जवळजवळ काहीच दिसेना;
दिसू नये, वाढवायला हौद आहे घरी.
विल्फ, म्हटलं, कालची शीळ एकदा परत?
तो माझ्याकडे बघत राहिला.
म्हणाला, तिला ऐकू येत नाही.
मग काल?
काल बघत होतो, म्हणाला, अजून येतं का थोडं.

आणि त्याने हात वर केला, नुसता.
उतारावरून टिब सुटली.

ते आहे माझ्याकडे. एकही शेंडा न कापलेलं.
तीस डेसिबल वर उचललं की
कोटाच्या बाहीची खसखस येते,
मग भिंतीतून गाळून आलेला वारा,
मग बऱ्याच वेळाने, लांबून,
ओल्या गवतातले चार पाय,
धाप,
आणि खिशात हात घालून
बिस्किट शोधणारी बोटं.